नदी खाली, टेकडी वर
(संघटनेच्या ट्रॉय येथील वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा पाठ)



संघटनेच्या कार्यवाहांनी आम्हास या मेळाव्यात बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आपण राखीव जागांविषयी, राज्यघटनेविषयी अथवा धम्मक्रांतीविषयी काही बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या विषयांवर अधिकारवाणीने बोलणारे विद्वान येथे उपस्थित आहेत आणि दुपारच्या सत्रात आपण त्यांना ऐकणार आहोत. आम्ही एका अगदी सामान्य गोष्टीविषयी बोलणार आहोत. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने वा मुलीने, आईबापांचे बोट सोडून, आपण राहतो ते शहर एकट्याने पायी हिंडून पाहावे की पाहू नये, एवढाच आमचा प्रश्न आहे. हा प्रश्न ऐकून काही भगिनींच्या चेहऱ्यावर स्मित उमटलेले आम्हास दिसते. ‘यासाठी का आम्ही चारशे मैल गाडी हाकत आलो?’ असे त्यांच्या मनात आले असल्यास तो त्यांचा दोष नव्हे. क्षणभर धीर धरावा, ही विनंती.

प्रथम एक खुलासा. आम्ही ‘ट्रॉय’ला राहतो असे सांगितले की आपली मराठी माणसे लगेच मिशिगनमधील ट्रॉयची चौकशी करू लागतात, कारण डेट्रॉईटच्या परिसरातील त्या ट्रॉयमध्ये आपल्याकडील मोटार-अभियंत्यांची मोठी वस्ती आहे. एका लग्नाची निमंत्रणपत्रिका तिकडे फिरून आमच्याकडे येईपर्यंत त्या दांपत्याच्या पहिल्या अपत्याचे बारसे होऊन गेले होते! आमचे ट्रॉय न्यूयॉर्क राज्यातले. हडसन नदीच्या पूर्वतीरावरचे. १७८९ साली येथील रहिवाशांनी सभा भरवून गावाचे जुने डच नाव टाकले आणि ग्रीक महाकाव्यातील नगराचे नाव घेतले. १८१६ साली गावास शहराचा दर्जा मिळाला. लोखंड आणि शर्टाच्या कॉलरी या दोन धंद्यांवर ते श्रीमंत झाले आणि ते धंदे गेल्यावर ओसरले. १९१० साली येथे सुमारे शहात्तर हजार लोक राहत. २०२० च्या जनगणनेत ती संख्या एक्कावन्न हजारांच्या आसपास भरली. गिरण्या गेलेल्या मुंबईत ज्यांचे बालपण गेले, त्यांना या शहराच्या बंद कारखान्यांच्या विटा परक्या वाटत नाहीत.

आता मूळ विषयाकडे वळतो. परंतु ट्रॉयमध्ये पोहोचण्यापूर्वी आम्हास सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातून जावे लागेल.

आमच्या मातोश्रींचे माहेर तेथील एका दुष्काळी गावचे. त्या निरक्षर होत्या, तथापि त्यांच्या मनात त्या गावाचा एक संपूर्ण नकाशा होता. आपण शाळेत पाहतो त्या नकाशांत रस्ते असतात. आईच्या नकाशात मात्र न चालण्याचे रस्ते होते. वेशीतून आत शिरल्यावर कोणत्या आळीतून जायचे नाही, देवळाच्या कोणत्या बाजूने वळायचे, कोणत्या वाड्यासमोरून जाताना पायातली वहाण हातात घ्यायची, पाणवठ्याच्या किती अलीकडे थांबून कोणीतरी पाणी वाढील याची वाट पाहायची, हे सारे त्यांना सहाव्या-सातव्या वर्षी तोंडपाठ होते. गावात त्या जन्मल्या, गावची सगळी कामे त्यांच्या आईबापांनी केली, आणि तरीही गावाचा अर्धा भाग त्यांनी कधी पाहिला नव्हता. स्वतःच्या जन्मगावाचा अर्धा भाग! पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावर अस्पृश्याने कमरेला झाडू बांधून आपल्या पावलांच्या खुणा पुसत जावे आणि गळ्यात मडके अडकवावे, असा दंडक होता. बाबासाहेबांनी १९३६ सालच्या ‘जातिनिर्मूलन’ या न झालेल्या भाषणात त्याचा उल्लेख केला आहे. आईच्या काळी झाडू आणि मडके गेले होते. नकाशा शिल्लक होता.

परमपूज्य बाबासाहेबांच्या बालपणीचा एक प्रवास आपणा सर्वांस ठाऊक आहे. १९०१ सालची गोष्ट. वडील सुभेदार रामजी हे खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे रोखपालाच्या नोकरीवर होते. उन्हाळ्याच्या सुटीत त्यांना भेटण्यासाठी बाळ भीम, त्यांचे थोरले बंधू आणि भाचे अशी मुले साताऱ्याहून आगगाडीने निघाली. नवे कपडे, जरीच्या टोप्या, पहिल्यांदाच आगगाडीत बसल्याचा आनंद. मसूर स्थानकावर उतरल्यावर वडिलांकडून कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तरांनी ममतेने चौकशी केली आणि मुलांच्या तोंडून जात ऐकताच ते मागे सरले. गाडीवाले दुप्पट भाडे देऊनही नेईनात; शेवटी मुलांनी स्वतः गाडी हाकावी आणि गाडीवानाने पायी चालावे, असा तोडगा निघाला. रात्रभर त्या मुलांना पिण्यास पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनी हा प्रसंग पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखात लिहिला आणि तो १९९० साली पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाला.

आपण हा प्रसंग अस्पृश्यतेच्या क्रौर्याचे उदाहरण म्हणून सांगतो आणि ते योग्यच आहे. परंतु आम्हास त्यातील दुसरी एक गोष्ट फार दिवस छळत आली. ती मुले वडीलधाऱ्यांवाचून प्रवासास निघाली होती. नऊ-दहा वर्षांच्या वयात जग स्वतः पाहण्याचा जो निर्भेळ आनंद असतो, तो त्यांच्यापाशी मसूर स्थानकापर्यंत होता. त्यांच्यापासून हिरावून घेतले गेले ते केवळ पाणी नव्हते.

आणि तरीही हा मुलगा घरात बसून राहिला नाही. पुढे साताऱ्यास असताना मुंबईला पळून जाऊन गिरणीत काम करावे, या विचाराने त्याने आत्याच्या कमरेची पिशवी लांबविण्याचा घाट घातला. तीत अवघा अर्धा आणा निघाला, ही हकीकत चरित्रकारांनी नमूद केलेली आहे. कुटुंब मुंबईस आल्यावर परळच्या चाळीतल्या एका खोलीत अभ्यासास जागा नव्हती. शाळा सुटल्यावर हा विद्यार्थी चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसे. तेथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची दृष्टी त्याच्यावर गेली आणि याच गुरुजींनी पुढे स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवले. दिवेलागणीपूर्वी घरी परत ये, इकडेतिकडे भटकू नकोस, असा कडक नियम त्या मुलास असता, तर ती भेट कोठे झाली असती? इतिहासात जर-तरला स्थान नाही, हे आम्ही जाणतो. तरीही हा प्रश्न आम्ही पालकांपुढे मुद्दाम ठेवतो.

आमचे स्वतःचे बालपण वरळीच्या बी. डी. डी. चाळीत गेले. वडील गिरणीत. एका खोलीत आम्ही आठ माणसे राहत होतो. त्यामुळे मुलांनी बाहेर हिंडणे ही चैन नव्हती, ती सोय होती. १९७२ साली, गावाकडे दुष्काळ पडला त्या वर्षी, आम्ही बारा वर्षांचे होतो. माणहून नातेवाईक येऊन राहिले. खोलीत पाय ठेवण्यास जागा उरली नाही. आणि आम्ही मुंबई पाहण्यास आरंभ केला. प्रथम वरळी नाका. मग डिलाईल रोड, लोअर परळ. परळला दामोदर हॉल बाहेरून पाहिला. बहिष्कृत हितकारिणी सभेचे कार्यालय येथे होते, हे आम्हास एका वृद्ध जॉबरने रस्त्यात उभे राहून सांगितले. दुसऱ्या रविवारी दादर चौपाटीवर चैत्यभूमी. तेथे तर आम्ही दर सहा डिसेंबरला जातच असू, परंतु गर्दीवाचून, एकट्याने, समुद्राचा आवाज ऐकत उभे राहण्याचा अनुभव निराळाच. तेथून हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ शोधत गेलो. तीन जणांना पत्ता विचारला. तिघांनीही सांगितला. आम्ही घरी येऊन आईला ही गोष्ट सांगितली, तेव्हा ‘राजगृह कसे दिसते’ हे तिने विचारले नाही. तिने विचारले, “कुणी हटकलं नाय?”

“नाही,” आम्ही म्हणालो. तिने पुन्हा विचारले. आम्ही पुन्हा तेच उत्तर दिले. त्या वेळी आम्हास तिच्या प्रश्नाचा अर्थ कळला नव्हता.

शहर म्हणजे स्वर्ग, असे मात्र आम्ही कोणास सांगणार नाही. १९७४ च्या जानेवारीत वरळीत दंगल पेटली. दोन महिने आधी ज्या चाळींच्या मधून आम्ही शीळ घालीत जात होतो, त्या चाळींच्या गच्च्यांवरून दगड येऊ लागले. आईचा जुना नकाशा एका रात्रीत परत आला: या जिन्याने जायचे, त्या चाळीपुढून जायचे नाही. आम्ही चौदा वर्षांचे होतो आणि आम्हास राग आला तो दगडांपेक्षाही त्या नकाशाचा.

रस्ता हा आपल्या चळवळीत कधीच क्षुल्लक विषय नव्हता. १९२४ साली त्रावणकोरातील वायकोम येथे सत्याग्रह झाला तो मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून चालण्यासाठी. महाडचा २० मार्च १९२७ चा दिवस आपण पाण्याच्या ओंजळीसाठी स्मरतो; परंतु त्या ओंजळीपूर्वी आपले लोक चौघाचौघांच्या रांगेने महाडच्या भर रस्त्यांतून चालत गेले होते. आणि त्यानंतर हल्ले कोणावर झाले? काम आटोपल्यावर लहान लहान गटांनी गावात फिरत असलेल्या प्रतिनिधींवर. सनातन्यांस पाण्याचा विटाळ खटकलाच. परंतु ही माणसे गावात मोकळेपणाने हिंडतात, हेही खटकले असले पाहिजे, असे आमचे मत आहे.

१९१३ च्या जुलैमध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले. बाविसाव्या वर्षी, आयुष्यात प्रथमच, कोणीही जात न विचारता ते एका महानगराच्या रस्त्यांवरून चालू शकत होते. कोलंबिया विद्यापीठातील अठरा-अठरा तासांच्या अभ्यासाविषयी आपण मुलांना सांगतो. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून हिंडून त्यांनी तेथे दोन हजारांच्या आसपास ग्रंथ जमविले, हेही सांगतो. परंतु ग्रंथ हिंडल्याशिवाय जमत नाहीत, हे सांगावयाचे राहून जाते. ते विद्यापीठ ज्या नदीच्या काठच्या उंचवट्यावर उभे आहे, तीच हडसन आमच्या ट्रॉयपाशी वाहते. सुमारे दीडशे मैल वर असूनही समुद्राची भरती-ओहोटी ट्रॉयच्या धरणापर्यंत पोहोचते. आमच्या काठचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि उतरते. येथे राहू लागल्यावर बारा वर्षांनी आम्हास हे कळले, आणि तेही आमच्या कन्येकडून.

ते कसे, ते आता सांगतो.

आम्ही १९९३ साली ट्रॉयला आलो. शहराच्या पूर्वेच्या टेकडीवर घर घेतले. घरातून गॅरेजमध्ये, गॅरेजमधून गाडीत, गाडीतून कचेरीच्या वाहनतळावर, असे आमचे जीवन सुरू झाले. वरळी ते दादर पायी तुडविणारे आम्ही, ट्रॉयमध्ये बारा वर्षांत बारा रस्ते पायी चाललो नव्हतो. हा दोष केवळ आमचा नाही. १९६९ साली अमेरिकेतील शाळकरी मुलांपैकी जवळजवळ निम्मी पायी वा सायकलने शाळेत जात. २००९ पर्यंत हे प्रमाण १३ टक्क्यांवर आले, असे सरकारी प्रवास-सर्वेक्षणे सांगतात. इंग्लंडमध्ये मेयर हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली दाखवून दिले, की १९७१ साली सात-आठ वर्षांची दहांपैकी आठ मुले एकटी शाळेत जात, आणि वीस वर्षांत दहांपैकी एकच जाऊ लागले. मोटारींच्या भीतीने पालक मुलांना मोटारीत बसवितात आणि त्यामुळे रस्त्यावर मोटारी वाढतात. यावर उपाय करणारी राज्ये आहेत: युटाने २०१८ साली कायदा करून, जाणत्या मुलास एकट्याने शाळेत वा मैदानावर जाऊ देणे म्हणजे हेळसांड नव्हे, असे स्पष्ट केले. ज्या देशात हे कायद्याने सांगावे लागले, त्या देशात आपण मुले वाढवीत आहोत.

२००५ च्या वसंतात आमची कन्या तेरा वर्षांची होती. एके शनिवारी तिने विचारले, “बाबा, मी एकटी खाली गावात जाऊ?” आम्ही तात्काळ ‘नाही’ म्हणालो. तिने कारण विचारले. आम्हास सांगता येईना. शेवटी आमच्या सहचारिणीने मध्यस्थी केली आणि पुष्कळ वाटाघाटींनंतर करार ठरला: दुपारी एकला निघायचे, चारला परतायचे, पहिल्या दिवशी सार्वजनिक ग्रंथालयापलीकडे जायचे नाही, सार्वजनिक फोनसाठी सुटी नाणी खिशात ठेवायची, अडचण आल्यास दुकानात शिरून गल्ल्यावरील माणसास सांगायचे. वाट चुकण्याविषयी आम्ही काळजी व्यक्त केली, तेव्हा ती म्हणाली, “नदी खाली आहे, टेकडी वर आहे. उतरत गेलं की नदी, चढत गेलं की घर. कशी चुकेन?” ट्रॉयचा भूगोल यापेक्षा थोडक्यात कोणी सांगितलेला आम्ही ऐकला नाही.

चार वाजले. साडेचार वाजले. पाच वाजले. आम्ही गाडी काढली आणि गावातले सर्व रस्ते पालथे घातले. जिच्यासाठी आम्ही वेड्यासारखे फिरत होतो, ती पाच वाजून चाळीस मिनिटांनी स्वतःच्या पायांनी घरी पोहोचली आणि आम्ही तिच्या नंतर! तिच्या चेहऱ्यावर तेज होते आणि बोलण्यासारखे पुष्कळ होते. आम्ही तिला बोलू दिले नाही. महिनाभर घराबाहेर एकटीने पाऊल टाकायचे नाही, अशी शिक्षा आम्ही फर्माविली. ती रडली नाही. खोलीत निघून गेली.

त्या सुमारास आमच्या मातोश्री भारतातून येऊन आमच्याकडे राहत होत्या. वय सत्तर. रात्री जेवणानंतर त्या आम्हास म्हणाल्या, “आरं, पोरीला कोंडून घातलीस, पर ती कुठं गेलती हे इचारलंस का?”

आम्ही विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी विचारले.

ती ग्रंथालयात गेली होती. तेथून फर्स्ट स्ट्रीटने उत्तरेकडे चालत असता, स्टेट स्ट्रीटच्या कोपऱ्यावरील इमारतीच्या भिंतीवर तिला धातूची एक पाटी दिसली. चार्ल्स नॅल नावाचा एक गुलाम व्हर्जिनियातून निसटून ट्रॉयला आला होता आणि एका उद्योगपतीकडे गाडीवान म्हणून काम करीत होता. २७ एप्रिल १८६० रोजी पाव आणावयास गेला असता त्याला पकडण्यात आले. १८५० च्या कायद्यान्वये त्याला त्याच्या धन्याकडे परत पाठविणे बंधनकारक होते. या कोपऱ्यावरच्या कचेरीत त्याला ठेवले गेले. बातमी पसरली, काळे आणि गोरे असे शेकडो लोक रस्त्यावर जमले. योगायोगाने थोर मुक्तिदात्री हॅरिएट टबमन आपल्या आप्तांकडे ट्रॉयला आली होती. म्हाताऱ्या बाईचे सोंग घेऊन ती आत शिरली आणि नॅलला बाहेर आणताच तिने त्याला घट्ट धरले. मार खाल्ला, कपडे फाटले, परंतु पकड सोडली नाही. गर्दीने त्याला ओढत नदीपर्यंत नेले, नावेतून पलीकडे पोहोचविले. पलीकडच्या काठी तो पुन्हा पकडला गेला. तेव्हा लोक मागोमाग फेरीबोटीने गेले आणि त्यांनी त्याला दुसऱ्यांदा सोडविले. पुढे वर्गणी काढून साडेसहाशे डॉलर्सना त्याचे स्वातंत्र्य विकत घेण्यात आले.

आमची मुलगी पाटी वाचून पुढे गेली नाही. ती पुन्हा ग्रंथालयात परतली, ग्रंथपाल बाईंना विचारून तिने ही सारी हकीकत काढली आणि मग त्या कोपऱ्यापासून नदीपर्यंत, ज्या दिशेने नॅलला नेले असावे त्या दिशेने, ती पायी चालत गेली. नदीकाठी मासे धरणाऱ्या एका वृद्धाने तिला भरतीचे पाणी दाखविले. म्हणून उशीर झाला.

“बाबा, तुम्ही बारा वर्षं रोज तिथून गाडीनं जाता,” ती म्हणाली, “ती पाटी पाहिली नाहीत?”

आम्ही पाहिली नव्हती. १८७३ साली क्रांतिबा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांना, गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कार्यासाठी, अर्पण केला, हे आम्ही अनेक सभांतून सांगत आलो होतो. ते लोक आमच्या घरापासून दीड मैलावर, नोंद असलेल्या कोपऱ्यावर, नोंद असलेल्या दिवशी उभे होते आणि आम्हास त्याची गंधवार्ता नव्हती. याच ट्रॉयच्या लिबर्टी स्ट्रीटवरील चर्चमध्ये हेन्री हायलँड गार्नेट हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक होते आणि १८४७ साली येथे भरलेल्या कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय परिषदेस फ्रेडरिक डग्लस उपस्थित होते, हेही आम्हास त्यानंतरच ठाऊक झाले.

शिक्षा आम्ही मागे घेतली. परंतु गोष्ट येथे संपत नाही. आमच्या मातोश्रींनी नातीला सांगितले, “मलाबी दाव तुझं गाव.”

पुढच्या रविवारी आजी आणि नात निघाल्या. आम्ही गाडीतून सोडण्याची तयारी दाखविली. दोघींनी नकार दिला. नऊवारी लुगडे, पायात बूट, अंगात आमचा जुना कोट, अशा वेषात आमची आई टेकडी उतरून ट्रॉयमध्ये गेली. पुढील वृत्तान्त आम्ही नातीच्या तोंडून ऐकला. प्रत्येक चौकात आजी थांबे आणि विचारी, “ह्या आळीनं चाललं का?” नात म्हणे, “आजी, सगळ्याच आळ्यांनी चालतं.” आजी मान हलवी आणि पुढच्या चौकात पुन्हा तोच प्रश्न विचारी. नातीस वाटले, आजीला विसर पडतो आहे. तेव्हा तिने घरी येऊन काळजीने आम्हास विचारले. आम्ही तिला माण तालुक्यातला नकाशा सांगितला. तोवर आम्ही तो तिला कधीच सांगितला नव्हता. हे दुःख मुलांच्या पिढीपर्यंत नेऊ नये, अशी आमची समजूत होती.

त्यानंतर आई परत जाईपर्यंत, सहा आठवडे, दर रविवारी त्या दोघी गेल्या. एके दिवशी एट्थ स्ट्रीटवरील केट मुलॅनीचे घर पाहून आल्या. ट्रॉयमध्ये कॉलरी धुऊन, खळ लावून, इस्त्री करणाऱ्या हजारो स्त्रिया होत्या. उकळते पाणी, तापलेल्या इस्त्र्या, दिवसाचे बारा-चौदा तास काम. आयर्लंडहून आलेल्या या तरुणीने १८६४ च्या फेब्रुवारीत सुमारे तीनशे स्त्रियांचा संप घडवून पगारवाढ मिळविली आणि स्त्रियांची टिकून राहिलेली पहिली कामगार संघटना उभी केली. नातीने ही कथा मोडक्यातोडक्या मराठीत सांगितली. गिरणीकामगाराची बायको असलेल्या आजीला भाषांतराची फारशी गरज पडली नसावी. तिने एवढेच विचारले, “मालकानं किती दिस ताणलं?”

आता आक्षेपांविषयी. काही बंधू म्हणतील, हे सारे ठीक. परंतु काळ वाईट आहे. काळ वाईट आहे, हे आम्हास मान्य आहे. २०१२ साली फ्लोरिडातील सॅनफर्डमध्ये ट्रेव्हॉन मार्टिन हा सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा दुकानातून परतताना मारला गेला; वस्तीत पायी चालणारा काळा मुलगा एका स्वयंघोषित पहारेकऱ्यास संशयास्पद वाटला, हे त्याचे कारण. आपली मुलेही गोरी नाहीत. आमच्या कन्येच्या मागे एका दुकानातील माणूस पहिल्यापासून शेवटच्या मांडणीपर्यंत चालत राहिला होता, तेव्हा तीही घरी येऊन गप्प बसली होती. आम्ही काय करावयास हवे होते? त्या दुकानास नकाशावर फुली मारावी, हा पहिला विचार आमच्या मनात आला. आईचा नकाशाही असाच एकेक फुलीने तयार झाला असेल. दुसऱ्या शनिवारी आम्ही तिघे मिळून त्या दुकानात गेलो, एक वही विकत घेतली आणि पावती मागून घेतली. यातून फार मोठे परिवर्तन घडले, असा आमचा दावा नाही. ती पुढे तेथे जात राहिली, इतकेच.

एक बाब येथे स्पष्ट बोलणे भाग आहे. ट्रॉयच्या कोणत्याही रस्त्याने आमच्या मुलीस तिचे आडनाव विचारून मग वाट दिली, असे घडले नाही. ते घडले आपल्याच भाषेच्या एका दिवाणखान्यात, चहाचा पेला हाती देण्यापूर्वी, “म्हणजे तुम्ही मूळचे कुठले?” या गोड प्रश्नाने. आम्ही मुलांना रस्त्यापासून जपतो आणि दिवाणखान्यात निर्धास्त सोडतो. हा हिशेब पुन्हा एकदा तपासून पाहावा.

आज परिस्थिती बदलली आहे. प्रत्येक मुलाच्या खिशात फोन आहे आणि ते कोणत्या चौकात उभे आहे, हे पालकास कचेरीत बसून दिसते. ही सोय आम्हास २००५ साली मिळाली असती, तर आम्ही त्या दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी मुलीस नदीकाठावरून उचलून आणले असते. मासे धरणारा वृद्ध आणि भरतीचे पाणी, दोन्ही राहून गेले असते. यंत्र फेकून द्या, असे आम्ही म्हणत नाही. ते दर पाच मिनिटांनी पाहू नका, इतकेच म्हणतो. आम्ही स्वतः नातवंडांच्या बाबतीत हे पथ्य पाळू शकू की नाही, याविषयी आमच्या सहचारिणीस शंका आहे आणि ती रास्त आहे.

आमची कन्या आता तिशी ओलांडून गेली आहे. मातोश्रींचे निधन होऊन काही वर्षे झाली. आजच्या मेळाव्यासाठी कन्येने ट्रॉयचा हाताने काढलेला एक नकाशा तयार केला आहे; त्याच्या प्रती दाराजवळच्या मेजावर ठेवल्या आहेत. त्यावर ग्रंथालय आहे, फर्स्ट आणि स्टेटचा कोपरा आहे, नदीकाठ आहे, १८७५ सालचे संगीतगृह आहे, केट मुलॅनीचे घर आहे. एकाही रस्त्यावर फुली नाही. दुपारच्या भोजनानंतर बारा वर्षांवरील मुलांनी तिघातिघांचे गट करून, पालकांवाचून, बाहेर पडावे आणि साडेचारला मॉन्युमेंट स्क्वेअरच्या स्मारकापाशी जमावे, अशी योजना आहे. तेथून त्यांना आणावयास कोणी जाणार नाही. ती चालत येतील. पाच वाजता चहा आहे. काही मुलांना उशीर होईल. त्यांच्यासाठी चहा झाकून ठेवावा, अशी स्वयंपाकघरातील बंधू-भगिनींस विनंती आहे. आणि ती आली की प्रथम, ती कोठे गेली होती, हे विचारावे.

जय भीम! जय भारत!